एका छटाकाचं मुंडण

लढतीआधीचं वजन सकाळी आठला होतं. रेवाराम उजाडल्यापासून गोंदियाच्या लोकोशेडमध्ये, पेटवलेल्या इंजिनाच्या भट्टीसमोर, अंगावर दोन घोंगड्या घेऊन बसला होता. घाम काही येत नव्हता. पहिल्या दिवशी आला, दुसऱ्या दिवशीही थोडाफार आला. आज तिसऱ्या दिवशी अंगात घामासाठी पाणीच उरलं नव्हतं. तोंडात चिंचोका धरून तो मधूनमधून डब्यात थुंकत होता. थुंकीही आता दोऱ्यासारखी येत होती.

"आनखी पावशेर निघते," भैय्यालाल म्हणाला. तो शेडमधला जुना फिटर. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेला होता आणि तिथल्या एका गोऱ्या हवालदाराकडून मुक्केबाजी शिकून आला होता. परत आल्यावर त्याने शेडमधल्या पोरांना शिकवायला घेतलं. बाकीची पोरं आली, गेली. रेवाराम टिकला.

टिकला त्याला कारण त्याची उंची. पाच फूट साडेअकरा इंच उंच आणि अंगावर मांस म्हणाल तर नाही. सात वर्षांपूर्वी भैय्यालालने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो छोट्या लाईनच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या, इंजिनावर कोळसा ओढत होता. भैय्यालालने त्याचे हात सरळ करून टेपने मोजले आणि म्हणाला, "देख, तुह्या वजनाचे बाकी सगळे ठेंगणे राहतेत. ते तुह्याजवळ पोचाच्या आधीच तुहा डावा हात त्याइच्या नाकावर. तू फक्त हलका राह. बाकी मी पाहतो."

रेवाराम हलका राहिला. आठ स्टोन सहा पौंडांचा, म्हणजे एकशे अठरा पौंडांपर्यंतचा गट, त्याला बँटम म्हणत. दर वर्षी माघ महिन्यात रेल्वेच्या इन्स्टिट्यूटच्या मैदानावर स्पर्धा व्हायची. रेवारामने ती चार वेळा जिंकली. दुसऱ्यांदा जिंकला तेव्हा फोरमनने त्याला इंजिनावरून उतरवून बत्तीघरात दिलं. दिवे पुसायचे, वाती कातरायच्या, तेल भरायचं. सावलीतलं काम. जोवर जिंकशील तोवर बत्तीघर, फोरमन हसत म्हणाला होता, पण ते हसण्यावारी नव्हतं हे दोघांनाही ठाऊक होतं.

पहिल्या वर्षी त्या वजनाला तो सहज उभा राहिला होता. पण पुढे, एकोणतिशीकडे जाताना, अंग आपल्या मर्जीने भरायला लागलं. दिवाळी झाली की रेवारामची उपासमार सुरू होई आणि माघात संपे. भाताच्या मुलखात जन्मलेला माणूस, बापाच्या घरी धानाच्या कोठ्या भरलेल्या, आणि हा सुपारीएवढा भात खाऊन उठायचा. त्याची बायको सुखवंता त्या दिवसांत तो कामावर गेल्यावरच चूल पेटवी. घरात फोडणीचा वास राहू नये म्हणून दारं उघडी टाकून बसे. या वर्षी तर तिनेही एकवेळ जेवायला सुरुवात केली होती. "तुमच्या समोर माह्या गळ्याखाली उतरत नाई," एवढंच म्हणाली.

मालधक्क्यावरच्या मोठ्या काट्यावर वजन होतं. रेवाराम पोचला तेव्हा नैनपूर शेडचा पोरगा काट्याशेजारी उकिडवा बसून पुऱ्या खात होता. बोटं तेलाने माखलेली. नाव उदाराम, वय असेल एकवीस. तो उठून उभा राहिला तेव्हा रेवारामला मान किंचित वर करावी लागली. या गटात असं कधी झालं नव्हतं. हाडं वर आलेली, हात गुडघ्यापर्यंत, छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात अशा. काट्यावरच्या बाबूने त्याला वर चढवलं. दांडी खाली पडली.

"आठ स्टोन तीन," बाबू म्हणाला. "जा, आनखी खा."

उदाराम हसला आणि खरंच उरलेल्या पुरीकडे वळला. वजन देण्याआधी पुऱ्या खाणारा माणूस! रेवारामला त्याचा राग आला नाही. एकेकाळी आपणही असेच होतो, एवढंच त्याला आठवलं आणि त्या आठवणीनेही थकवा आला.

रेवाराम नुसत्या लंगोटावर काट्यावर चढला. दांडी वर टेकली. बाबूने वजन सरकवलं. पुन्हा टेकली.

"अर्धा पौंड जास्त. नऊ वाजेपर्यंत मुदत आहे."

भैय्यालालने त्याला पुन्हा घोंगडीत गुंडाळलं आणि कुडव्याच्या रस्त्याने पळवलं. पळवलं म्हणजे पुढे धरून ओढलं. परत आले तेव्हा नऊला वीस मिनिटं होती. दांडी या वेळी हळू वर गेली, पण गेलीच.

"दोन औंस," बाबू म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, त्याने दांडी बोटाने दाबून पाहिली. "एक छटाक. भैय्यालाल, मी काय करू? साहेब स्वतः पाहून राहिले."

एक छटाक. चिमूटभर हळद आणि मूठभर डाळ. भैय्यालालने रेवारामकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. काढायला काही उरलं नव्हतं. मग त्याची नजर डोक्यावर थांबली. रेवारामचे केस दाट, तेल पिऊन जड झालेले.

"न्हाव्याले बोलवा," भैय्यालाल म्हणाला.

रेवारामला समजायला क्षणभर लागला. "उस्ताद, माहा बा जिता आहे."

"गावी आहे ना? सडक अर्जुनीले त्याले कोन सांगाले जाते? महिन्याभरात केस येतेत बे. बत्तीघर गेलं त येनार नाई."

नाही म्हणावं असं रेवारामच्या मनात आलं. पण नाही म्हणायलाही अंगात काही लागतं. तो मालधक्क्याच्या पायरीवर बसला आणि मान खाली घातली. न्हाव्याने मिळेल ते पाणी लावून वस्तरा चालवला. ते गार पाणी कपाळावरून ओघळून ओठांशी आलं तेव्हा रेवारामने ओठ घट्ट मिटून घेतले. डोकं झाल्यावर पुन्हा काट्यावर. दांडी मध्यावर थरथरत राहिली आणि वर टेकली.

"मिशी," भैय्यालाल म्हणाला.

मिशी गेली. दांडी खाली पडली. बाबूने वहीत नाव लिहिलं आणि रेवारामकडे न बघता म्हणाला, "झालं."

आता पाणी प्यायचं होतं. भैय्यालालने लोटा आणला. रेवारामने दोन घोट घेतले आणि ते ओकून टाकले. मग पुन्हा दोन घोट. घरी गेला तेव्हा सुखवंता दारात होती. तिने डोकं पाहिलं, मग तोंड पाहिलं आणि तिथंच भिंतीला टेकली.

"मिशीबी?"

"मिशीबी," रेवाराम म्हणाला आणि आत जाऊन आडवा झाला.

लढत चार वाजता होती. तीनच्या सुमाराला तो इन्स्टिट्यूटच्या मागच्या वऱ्हांड्यात हाताला पट्ट्या बांधून घेत होता. तेवढ्यात मैदानाच्या फाटकातून एक म्हातारा पळत येताना दिसला. पागोटं सुटून खांद्यावर आलेलं, एका पायात वहाण नाही. रेवारामने ओळखलं तेव्हा तो पट्टीसकट उठून उभा राहिला. तो त्याचा बाप होता, मनिराम.

मनिराम आदल्याच दिवशी धानाच्या दोन गाड्या घेऊन गोंदियाच्या राईस मिलला आला होता. पोराच्या मुक्केबाजीवर त्याचा राग, त्यामुळे स्पर्धेच्या दिवसांत तो पोराच्या घरी उतरत नसे. मिलमधल्या एका हमालाने सकाळी मालधक्क्यावर रेवारामला पाहिलं होतं. त्याने मनिरामला सहज विचारलं, पाटील, तुमच्या पोराचं मुंडण झालं, घरचं कोन गेलं?

मनिराम समोर येऊन थांबला. धाप लागलेली. पोराचं तुळतुळीत डोकं, भादरलेला ओठ पाहिला.

"तार आली का?" तो म्हणाला. "रेवा, तुही माय गेली का रे? मी निघालो तवा चांगली होती. खाटेवर बसून तांदूळ निवडून राहिली होती."

रेवारामने त्याचे खांदे धरले. "नाई बा. माय चांगली आहे. कोनी गेलं नाई."

"मंग हे?"

"वजन जास्त होतं. एक छटाक."

मनिराम त्याच्याकडे पाहत राहिला. मग आजूबाजूला पाहिलं, भैय्यालालकडे पाहिलं, जणू कोणीतरी याचा अर्थ सांगेल. मग तो तिथंच मातीत बसला. दोन्ही हातांनी त्याने तोंड पुसलं.

"मिलपासून इथवर," तो सावकाश म्हणाला, "मी मनातच तिचं सगळं करून टाकलं रे. लाकडं कोनती, कोनाकोनाले बोलवाचं, सगळं. नवरा म्हनून तिच्यासंगं कधी धड बोललो नाई, तेबी आठवलं." त्याने खांद्यावरचं पागोटं ओढून मांडीवर घेतलं. "अन् तू एका छटाकापायी. माळव्यातून आपली मानसं आली तवापासून आपल्या घरात जित्या बापाचं मुंडण कोनी केलं नाई."

"चुकलो बा."

"कायले करतं हे?"

रेवारामने हातावरच्या पट्टीचं सुटलेलं टोक खोचलं. बत्तीघर म्हणावं तर ते या मैदानावर, या म्हाताऱ्यासमोर फारच लहान वाटत होतं. मनिराम उठला, पागोटं बांधलं. रेवारामला वाटलं आता तो निघून जाईल. पण तो मैदानात गेला आणि दोरांपासून चार हातांवर, शेडच्या मजुरांमध्ये, मांडी घालून बसला. याआधी त्याने एकही लढत पाहिली नव्हती.

चार वाजता दोघे रिंगणात चढले तेव्हा लोकांनी हसायला सुरुवात केली. "दोन बगळे!" कुणीतरी ओरडलं. खुर्च्यांवरचे साहेबलोकही हसले. खरंच तसं दिसत होतं, दोन उंच, सुकलेली माणसं, हातांच्या टोकाला बांधलेले ते जाड ग्लोव्ह, म्हणजे काठ्यांना गाठोडी लावावीत तसे.

पंचाने दोघांना मध्ये बोलावलं. उदारामने रेवारामच्या डोक्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. सकाळी केस होते हे त्याच्या लक्षात नसावं, पुऱ्यांमध्ये लक्ष होतं. त्याने ग्लोव्ह जोडून नमस्कार केला.

"दादा, मले मालूम नोहोतं," तो हळू म्हणाला.

रेवारामला काय ते कळायच्या आत घंटा वाजली.

पहिल्या राऊंडमध्ये रेवारामने नेहमीसारखा डावा हात पुढे टाकला. नेहमी समोर बुटके असत, त्यांच्या केसांतला भांग वरून दिसे आणि डावा हात आपोआप पोचे. आज समोर डोळ्यांना डोळे होते. तरी ठोसे लागत होते. दुसरा, तिसरा, पाचवा. उदाराम मागे सरकत होता, हात अंगाशी धरून. दोनदा त्याला मोकळी जागा मिळाली. दोन्हीदा त्याचा उजवा निघाला आणि रेवारामच्या गालापाशी येऊन हलकाच टेकला, जशी हत्तीची सोंड पोराला लागते. तेव्हा रेवारामला उलगडलं. पोरगा मारतच नव्हता. सुतकातल्या माणसाला कसं मारावं, म्हणून हात राखत होता.

घंटा झाली. रेवाराम कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. भैय्यालालने पाठीवरून ओला टॉवेल फिरवला.

"राऊंड तुहा," तो कानाशी म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "पोट्टा घाबरून राहिला."

"घाबरून नाई. त्याले वाटते माहा बा मेला."

भैय्यालालचा टॉवेल थांबला. मग पुन्हा फिरू लागला. "वाटू दे. तू सांगतलं नाई ना? मंग तुहं पाप नाई. दोन राऊंड चूप राह."

रेवारामने दोरांपलीकडे पाहिलं. मनिराम पुढे वाकून बसला होता, हात गुडघ्यांवर, एका पायात वहाण. खेळ त्याला कळत नव्हता; तो फक्त पोराकडे पाहत होता. सात वर्षांत रेवारामने बऱ्याच गोष्टी गिळल्या होत्या, न जेवता. ही मात्र गिळेना. बाप चार हातांवर जिवंत बसलेला आणि आपण त्याच्या मरणावर राऊंड जिंकायचे.

दुसऱ्या राऊंडची घंटा झाली. दोघे मध्यावर आले.

"कोनी मेलं नाई," रेवाराम म्हणाला. "वजनापायी केस काढले. तो पाह, पागोटंवाला, तो माहा बा. तू मार."

उदाराम एक पाऊल थबकला. त्याने मजुरांच्या गर्दीत पाहिलं.

"खरं?"

"खरं. मार."

"बोलू नका!" पंच म्हणाला.

मग उदारामने मारायला सुरुवात केली. त्याचा डावा रेवारामच्या डाव्याच्या आधी पोचत होता, प्रत्येक वेळी, अर्ध्या वितीने. रेवारामला पहिल्यांदाच कळलं की इतकी वर्षं आपल्यासमोर उभ्या राहिलेल्या त्या ठेंगण्या पोरांना काय वाटत असेल. हात पोचत नाही आणि समोरचा कुठूनतरी लांबून मारतो. नाकातून रक्त आलं. पण त्याला एक गोष्ट ठाऊक होती जी त्या पोराला ठाऊक नव्हती, उंच माणसाचं दुखणं कुठे असतं ती. तो वाकून आत घुसला आणि शेवटच्या फासळीखाली, जिथे मांस नसतं, तिथे उजवा दिला. उदारामचा श्वास अडकला, तोंड उघडं राहिलं. अजून एक पाहिजे होता, फक्त एक. रेवारामने हात मागे घेतला आणि हात पुढे आलाच नाही. जणू दुसऱ्या कुणाचा होता.

तिसऱ्या राऊंडमध्ये एक मिनिट गेलं असेल, त्याच्या पोटरीत गोळा आला. ठोसा लागला नव्हता, तरी तो खाली बसला. पंच मोजू लागला. रेवारामला खालची ताडपत्री फार बरी वाटली. इथंच राहावं असं वाटलं. सहाला त्याने बापाकडे पाहिलं. मनिराम उठून उभा राहिला होता, त्याचे दोन्ही हात पुढे आले होते, शेतात पडलेल्या बैलाला उठवताना येतात तसे. आठला रेवाराम उठला. उरलेला वेळ तो उभा राहिला, एवढंच. पंचाने उदारामचा हात वर केला.

भैय्यालालने रेवारामचे ग्लोव्ह सोडले आणि निघून गेला.

उदाराम जवळ आला. ओठ सुजला होता. "दादा, तुमी सांगतलं नसतं तर..."

"तर तू हरला असता," रेवाराम म्हणाला. "जा. काहीतरी खा."

घरी मनिरामच त्याला धरून घेऊन गेला. सुखवंताने सासऱ्याला पाहून डोक्यावर पदर ओढला आणि चुलीकडे वळली. घरात होतं नव्हतं ते तिने दुपारीच रांधून ठेवलं होतं, भात, वरण, वडे, आज लढत झाल्यावर तो जेवणार म्हणून. मनिरामने हात वर करून तिला थांबवलं.

"ते नोको, बाई. उपासल्या बैलाले एकदम पेंड टाकत नसतेत, पोट फुगते. कण्यांची पेज कर. पातळ. मीठ टाक."

पेज झाली. मनिरामने वाटी आपल्या हातात धरली. बापाने पाजलं तसा तो प्यायला, घोट-घोट, मध्ये थांबत. एक वाटी संपली तेव्हा त्याला जाणवलं की आपण रडतो आहोत आणि त्याला अडवायचीही ताकद नाही.

"किती वर्षं झाली असं?" मनिरामने विचारलं.

"सहा," सुखवंताच म्हणाली, चुलीकडे तोंड करून. "लग्न झाल्यापासून दिवाळी ते माघ मी याइले पोटभर वाढलं नाई."

म्हाताऱ्याने दुसरी वाटी मागितली.

दुसऱ्या दिवशी फोरमनने बोलावलं. तो रागावला नाही. बत्तीघरात उद्यापासून दुसरा माणूस येईल आणि रेवारामने पंधरवड्याने बालाघाटच्या गाडीवर फायरमन म्हणून हजर व्हावं, एवढंच सांगितलं. रेवाराम हो म्हणाला. फावडं हातात घ्यायचं, आग खायची, अंग काळं करून घ्यायचं. निदान फावडं वजन विचारत नाही, हे त्याच्या मनात आलं, पण त्याने आनंद झाला असं नाही. सगळं अंग फक्त झोप मागत होतं.

मनिरामच्या गाड्या रिकाम्या झाल्या होत्या. "तू गावी चल," तो म्हणाला. "पंधरा दिवस मायच्या हातचं खा. अन् लोकाले पाहू दे बाप जिता आहे ते. नाही तर ह्या डोक्याची बातमी आपल्या आधी पोचते."

सुखवंता पुढच्या गाडीत बसली, गडी हाकत होता. मागच्या गाडीत रेवाराम रिकाम्या पोत्यांवर आडवा झाला आणि बाप स्वतः कासरे धरून बसला. सडकेवर जो भेटे तो आधी गाडीतल्या डोक्याकडे पाही आणि मग आवाज उतरवून विचारी, पाटील, कोन गेलं? पहिल्या दोघांना मनिरामने सगळं सांगितलं, काटा, छटाक, वस्तरा, सगळं, आणि त्यांनी विश्वास ठेवला नाही. नंतर तो नुसता "कोनी नाई" म्हणू लागला. प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी कोहमाऱ्याजवळ तर त्याच्या साडूच्या गावचा एक माणूस मागच्या पोत्यांवरचं डोकं पाहून, पाटील गेले म्हणून, गाडी थांबवून रडायलाच लागला. मनिराम त्याच्यावर ओरडला, "अबे, मी समोर बसून राहिलो ना! काऊन रडतं?"

मागे पोत्यांवर रेवारामने ते अर्धवट झोपेत ऐकलं. त्याला हसू आलं, पण हसायला फासळ्या दुखत होत्या. त्याने कुशी बदलली.

"बा," तो म्हणाला, "मले उठवू नोका."

"झोप," मनिराम म्हणाला आणि बैलांना हळू चालू दिलं.